भाषांतरानंतरचे शब्दांतर



एकोणिसावे शतक संपत असताना काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एक तरुण घरांच्या छपरांना रंग देण्याचे काम करीत असे. त्याची आई लोकांचे कपडे धुऊन संसार चालवीत होती आणि हलक्या कुळातला म्हणून त्याला शाळेतून काढून टाकण्यात आले होते. जुन्या बाजारात त्याला घरच्या घरी इंग्रजी शिकण्याचे एक फाटके पुस्तक मिळाले. त्यातील शब्द तो छपरावर खडूने लिहून पाठ करी. हा तरुण म्हणजे पुढे रशियन साहित्यात ख्यातनाम झालेले कोर्नेय चुकोव्स्की (१८८२–१९६९). १९०३ मध्ये एका वृत्तपत्राचे वार्ताहर म्हणून ते लंडनला गेले, तेव्हा त्यांच्या शिक्षणातील उणीव उघडी पडली. त्या जुन्या पुस्तकात उच्चारांची पानेच नव्हती. छापील इंग्रजी त्यांना उमगत होते, पण बोललेले इंग्रजी त्यांना कळेना आणि त्यांचे इंग्रजी लंडनकरांना कळेना. पुढे याच चुकोव्स्कींनी व्हिटमन, ट्वेन आणि किपलिंग यांना रशियन भाषेत आणले, भाषांतरकलेवर 'उच्च कला' हा ग्रंथ लिहिला आणि १९६२ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

ही हकिकत सांगण्याचे कारण उघड आहे. आपणही नोकरी, शेती, संसार सांभाळून पुस्तकातूनच शिकता. समोर शिक्षक नसतात आणि शब्द पाठ करण्याची वेळ रात्री उशिरा किंवा बसच्या प्रवासात मिळते. अशा प्रौढ विद्यार्थ्याने परभाषेतील शब्द मातृभाषेच्या आधाराने शिकावेत की मातृभाषा बाजूला ठेवून, हा प्रश्न आपल्यासाठी केवळ सैद्धांतिक नाही. या लेखात त्याचा विचार मी रशियन भाषकांच्या इंग्रजी शिक्षणाच्या संदर्भात करणार आहे. याला दोन कारणे आहेत. एक, या प्रश्नावर रशियन अभ्यासकांनी दीर्घकाळ आणि खोलवर विचार केला आहे. दुसरे, काही बाबतींत रशियन भाषा इंग्रजीपेक्षा मराठीला जवळची आहे. त्यामुळे त्यांच्या अडचणींत आपल्याला आपल्याच अडचणी दिसतात.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. भाषांतराने शब्दाची ओळख होते, पण तो शब्द आपला होत नाही. तो आपला होण्यासाठी त्याच परभाषेत, तोच आशय वेगळ्या शब्दांत मांडण्याचा सराव लागतो. या क्रियेला आपण येथे 'शब्दांतर' म्हणू. भाषांतर टाळणे ही जशी चूक आहे, तशीच भाषांतरापाशी थांबणे हीही चूकच आहे.

जोडीने शिकलेला शब्द

सोव्हिएत काळात नोकरीच्या अर्जात परभाषेच्या ज्ञानाविषयी एक रकाना असे. त्यात असंख्य सुशिक्षित माणसे एकच ठरावीक उत्तर लिहीत: 'शब्दकोशाच्या साहाय्याने वाचतो व भाषांतर करतो.' शाळेत आणि महाविद्यालयात वर्षानुवर्षे इंग्रजी किंवा जर्मन शिकल्यावर हाती आलेले हे फळ होते. ते अगदीच टाकाऊ नव्हते. अभियंते आणि डॉक्टर त्याच्या बळावर परदेशी ग्रंथ वाचू शकत होते. पण तोंडातून वाक्य निघत नसे. वहीच्या डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला रशियन शब्द आणि मधे एक रेघ, अशी त्यांची शब्दसंपत्ती होती.

या रेघेत एक गृहीतक लपलेले असते. डावीकडील शब्दाचा आणि उजवीकडील शब्दाचा विस्तार सारखाच आहे, असे ती सुचवते. पण तसे क्वचितच असते. रशियन 'रुका' या शब्दात खांद्यापासून बोटांपर्यंतचा सगळा अवयव येतो. इंग्रजीला त्यासाठी 'हँड' आणि 'आर्म' असे दोन शब्द लागतात. 'नोगा' या एका शब्दात 'फूट' आणि 'लेग' दोन्ही सामावतात. 'पालेत्स' हाताचेही असते आणि पायाचेही. इंग्रजीत मात्र हाताचे ते 'फिंगर' आणि पायाचे ते 'टो'. आपल्या लक्षात आलेच असेल की येथे मराठी पूर्णपणे रशियनच्या बाजूला आहे. आपलाही हात एकच, पाय एकच आणि बोटेही हातापायांची मिळून एकच. 'माझा हात मोडला' हे वाक्य इंग्रजीत सांगताना रशियन माणूस जेथे अडखळतो, तेथेच आपणही अडखळतो, कारण नेमके कोठे मोडले हे आपल्या शब्दाने सांगितलेलेच नसते.

उलट दिशेनेही असेच घडते. इंग्रजी 'ब्लू' म्हणजे काय, असे रशियन माणसाला विचारले तर त्याला दोन रंगांतून निवड करावी लागते: फिका निळा तो 'गोलुबॉय' आणि गडद निळा तो 'सीनी'. इंग्रजी 'गो' या क्रियापदासाठी त्याला जाणारा पायी गेला की वाहनाने, हे सांगावे लागते, कारण दोहोंसाठी त्याच्या भाषेत वेगवेगळी क्रियापदे आहेत.

याहून फसवे असतात ते दिसायला सारखे शब्द. रशियन 'मागाझिन' म्हणजे दुकान. इंग्रजी 'मॅगझिन' म्हणजे नियतकालिक. 'फामिलिया' म्हणजे आडनाव. 'फॅमिली' म्हणजे कुटुंब. 'देकादा' दहा दिवसांचा असतो. 'डिकेड' दहा वर्षांचे. 'आक्कुरात्नी' माणूस नीटनेटका असतो. 'अ‍ॅक्युरेट' विधान अचूक असते. भाषांतरविचारात अशा शब्दांना 'भाषांतरकाराचे खोटे मित्र' म्हणतात. हिंदी वाचताना 'शिक्षा' या शब्दाने मराठी मुलाला चकवावे, तसाच हा प्रकार आहे.

मातृभाषेला वर्गाबाहेर काढावे काय?

या चुका पाहून एक उपाय सहज सुचतो, आणि तो सुचवणारी मोठी परंपराही आहे. मातृभाषाच वर्गाबाहेर काढावी. वस्तू दाखवावी, कृती करावी आणि केवळ इंग्रजीतच बोलावे. प्रत्यक्ष पद्धती म्हणून ही प्रसिद्ध आहे. लहान मुलांसाठी आणि उच्चारांसाठी तिचे मोल निश्चित आहे. चुकोव्स्कींचा लंडनमधील अनुभव तेच सांगतो. छापील जोडीतून ध्वनी शिकता येत नाही, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु प्रौढांच्या बाबतीत या उपायाची मर्यादा रशियन भाषाशास्त्रज्ञ लेव श्चेर्बा (१८८०–१९४४) यांनी स्पष्ट केली. त्यांचे म्हणणे असे की मातृभाषेला शाळेच्या भिंतींबाहेर घालवता येईल, पण विद्यार्थ्यांच्या डोक्यातून घालवता येणार नाही. शिक्षक भाषांतर करीत नसला तरी विद्यार्थी मनातल्या मनात ते करतच असतो, आणि मनातले ते भाषांतर कोणी तपासत नाही. श्चेर्बांनी द्विभाषिकतेचे शुद्ध आणि मिश्र असे दोन प्रकार मानले. शुद्ध प्रकारात दोन भाषा मनात वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. मिश्र प्रकारात त्या सतत एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात. श्चेर्बांना शैक्षणिकदृष्ट्या दुसरा प्रकार अधिक मोलाचा वाटला, कारण तुलनेतूनच माणूस शब्दामागील विचाराकडे पाहायला शिकतो.

लेव व्हिगोत्स्की यांनीही १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'विचार आणि भाषा' या ग्रंथात याच अंगाने विचार केला आहे. मातृभाषा आपण नकळत शिकतो. परभाषा जाणीवपूर्वक शिकतो. परभाषा शिकताना आपण मातृभाषेतील तयार अर्थव्यवस्थेचा आधार घेतो, आणि त्याच वेळी परभाषेमुळे मातृभाषाही नव्याने कळू लागते. 'हात' हा शब्द आपण आयुष्यभर वापरला. पण तो किती मोठ्या अवयवाला व्यापतो, हे 'हँड' आणि 'आर्म' भेटेपर्यंत बहुतेकांच्या ध्यानात आलेले नसते.

म्हणून मनात भाषांतर होते याची लाज बाळगू नये, असे मला प्रौढ विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावेसे वाटते. 'इंग्रजीतच विचार करा' हा सल्ला आपण अनेकदा ऐकला असेल आणि तो जमत नाही म्हणून स्वतःला कमी लेखलेही असेल. ज्या भाषेत आपण तीस-चाळीस वर्षे विचार केला, ती एका सत्रात गप्प बसणार नाही. तिला गप्प बसवण्यापेक्षा तिने सुचवलेले भाषांतर कागदावर उतरवून तपासणे अधिक फलदायी असते.

शब्दांतर म्हणजे काय?

मॉस्कोत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी १९५९ च्या एका निबंधात भाषांतराचे तीन प्रकार सांगितले. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत होते ते आंतरभाषिक भाषांतर. शब्दांतून चित्रात, संगीतात किंवा चित्रपटात होते ते आंतरचिन्हीय भाषांतर. आणि त्याच भाषेत वेगळ्या शब्दांत होते ते अंतर्भाषिक भाषांतर. शब्दांतर हे यांपैकी तिसरे. त्याला भाषांतराच्या कुळात बसवून याकोब्सन यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली: समजावून सांगणे आणि भाषांतर करणे या मुळात एकाच जातीच्या क्रिया आहेत.

याच निबंधातील त्यांचे एक उदाहरण पाहा. 'मी कामगार नेमला' अशा अर्थाचे साधे इंग्रजी वाक्य रशियनमध्ये नेताना भाषांतरकाराला दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: नेमणूक पूर्ण झाली की नुसती चालू होती, आणि नेमलेली व्यक्ती पुरुष होती की स्त्री. रशियन व्याकरण त्याला या प्रश्नांतून सुटू देत नाही. रशियनमधून इंग्रजीत जाताना मात्र वेगळेच प्रश्न उभे राहतात: 'अ' की 'द', साधा भूतकाळ की पूर्ण वर्तमानकाळ. रशियनमध्ये उपपदे नसल्यामुळे पहिला प्रश्न रशियन माणसाला आयुष्यभर छळतो. आपल्यालाही तो छळतो.

आता एक वाक्य घेऊन प्रत्यक्ष काम करू. रशियनमध्ये एक सहज वाक्य आहे. त्याची शब्दशः रचना अशी: 'त्याला धैर्याचे पुरले नाही.' म्हणजेच त्याचे धैर्य अपुरे पडले. जोडीने शिकलेला रशियन विद्यार्थी 'पुरणे' या क्रियापदाचा इंग्रजी जोडीदार शोधतो, 'टू हिम' असे वाक्य सुरू करतो आणि तेथेच अडकतो. कर्त्याच्या जागी चतुर्थीतला अनुभव घेणारा माणूस असणे ही रशियनची सवय आहे. 'मला आवडते', 'मला थंडी वाजते', 'मला तीस वर्षे झाली' या तिन्ही ठिकाणी रशियनही आपल्यासारखीच 'मला' म्हणते. इंग्रजी मात्र तिन्ही ठिकाणी 'आय' या कर्त्यालाच पुढे करते.

शब्दांतराची सवय असलेला विद्यार्थी अडकल्या जागी विचारतो: येथे सांगायचे काय आहे? मग त्याला एकाहून अधिक वाटा सापडतात. 'ही डिडन्ट हॅव इनफ करेज.' 'ही वॉझन्ट ब्रेव्ह इनफ.' 'ही लॅक्ट करेज.' 'हिज करेज फेल्ड हिम.' पहिल्या वाक्यात भार नामावर आहे, दुसऱ्यात विशेषणावर, तिसऱ्यात 'लॅक' या क्रियापदावर. चौथ्यात तर धैर्यच कर्ता झाले आहे. शिवाय ही वाक्ये सर्वस्वी समानार्थी नाहीत. तिसरे वाक्य स्वभावाविषयीही असू शकते. चौथ्यात ऐन वेळी धीर सुटल्याचे चित्र आहे. पहिली दोन वाक्ये रोजच्या बोलण्यात शोभतात, तिसरे लेखनाकडे झुकते. एका रशियन वाक्याने चार इंग्रजी रचना हालवल्या आणि प्रत्येक शब्द आपल्या वाक्यात, आपल्या सोबत्यांसह शिकला गेला. 'लॅक' म्हणजे 'अभाव असणे' अशी जोडी शंभर वेळा घोकून हे साधले नसते.

शब्दांची संगत

सोबत्यांचा उल्लेख मी मुद्दाम केला. १९६० च्या दशकात मॉस्कोमध्ये इगोर मेल्चुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाषेचा एक सिद्धांत मांडला. भाषा जाणणे म्हणजे एकच अर्थ अनेक प्रकारे मांडता येणे, हा त्याचा गाभा. म्हणजे शब्दांतर हे शिक्षकाचे क्लृप्तीवजा साधन न राहता भाषाज्ञानाची खूणच ठरते. मेल्चुक पुढे कॅनडात गेले. त्यांचा रशियन शब्दकोश १९८४ मध्ये व्हिएन्नात प्रसिद्ध झाला. त्या कोशात शब्दाच्या अर्थाबरोबरच त्याची संगतही नोंदलेली असते: कोणत्या नामाला तीव्रता दाखवण्यासाठी कोणते विशेषण लागते, कोणत्या नामाबरोबर कोणते क्रियापद येते.

ही संगत तर्काने ठरत नाही. रशियनमध्ये जोराचा पाऊस 'बलवान' असतो, इंग्रजीत तो 'जड' असतो, मराठीत तो मुसळधार असतो. चहा इंग्रजीत 'बलवान', मराठीत कडक. लक्ष मराठीत आपण 'देतो', रशियन माणूस ते 'वळवतो', इंग्रज ते 'पे' करतो, म्हणजे जणू मोजून चुकते करतो. परीक्षेचे उदाहरण तर आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचे. मराठीत आपण परीक्षा 'देतो'. रशियन क्रियापदाचे मूळही 'देणे' हेच आहे, आणि त्याची दोन रूपे आहेत: 'स्दावात्' म्हणजे परीक्षेला बसणे आणि 'स्दात्' म्हणजे उत्तीर्ण होणे. इंग्रजीत मात्र परीक्षा 'घेतो' तो विद्यार्थीच, 'टेक'. आणि उत्तीर्ण होण्यासाठी निराळे क्रियापद लागते, 'पास'. रशियन विद्यार्थ्याने दोन्ही रूपांसाठी 'पास' हा एकच जोडीदार लिहून ठेवला, तर तो अनुत्तीर्ण होऊनही उत्तीर्ण झाल्याचे सांगून बसेल. येथे मातृभाषेतील बारकावा आधी ओळखणे आणि मग तो इंग्रजीत वेगवेगळ्या वाक्यांनी सांगून पाहणे, या दोन्ही क्रिया लागतात.

एक इशारा

शब्दांतराची बाजू घेताना त्यातला धोका लपवणे योग्य नाही. शब्द आठवला नाही की 'ज्याने आपण अमुक करतो ती वस्तू' असे म्हणून वेळ मारून नेता येते. संभाषणात हे कौशल्य उपयोगी आहे. पण त्याचीच सवय लागली तर पाचशे शब्दांत सगळा संसार भागतो आणि नवा शब्द शिकण्याची गरजच उरत नाही. मग शब्दांतर हे दारिद्र्य झाकण्याचे पांघरूण होते.

चुकोव्स्कींनी 'उच्च कला' या ग्रंथात भाषांतरकारांच्या तोकड्या शब्दसंग्रहावर कडक टीका केली आहे. अशा भाषांतरकाराच्या लेखी घोडा हा नेहमी घोडाच असतो, त्याला दुसरे नावच सुचत नाही, अशी त्यांची तक्रार. आपल्याकडे घोडा, अश्व, तुरंग, वारू, तट्टू एवढे शब्द असताना प्रत्येकाची जागा निराळी असते, हे आपण जाणता. परभाषेतही हेच. म्हणून शब्दांतर दोन्ही दिशांनी झाले पाहिजे. अवघडाकडून सोप्याकडे जाताना आपण अर्थ कळल्याची खात्री करतो. सोप्याकडून नेमक्याकडे जाताना शब्दसंग्रह वाढतो. 'गुड' या शब्दाने लिहिलेली पाच वाक्ये घेऊन प्रत्येकात 'गुड'च्या जागी नेमका शब्द बसवणे, हा दुसऱ्या दिशेचा सराव होय. पहिली दिशा सोयीची असल्याने बहुतेक विद्यार्थी तेथेच रेंगाळतात.

आपण काय करावे?

मराठी माणसाला भाषांतरातून इंग्रजी शिकण्याची परंपरा नवी नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या वाढल्या. त्या पाठमालेची आज कधी थट्टा होते, तर कधी तिच्या आठवणीने गहिवरून येते. मला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. भाषांतराचा पाया योग्यच होता. त्यावर शब्दांतराचा मजला अनेकांनी चढवला नाही, एवढेच.

तो कसा चढवावा, याची एक जुनी रीत सोळाव्या शतकातील इंग्रज शिक्षक रॉजर अ‍ॅस्कम यांनी लॅटिनसाठी सांगितली होती: उतारा मातृभाषेत आणावा, काही वेळाने मूळ न पाहता तो पुन्हा परभाषेत न्यावा आणि मग मुळाशी ताडून पाहावा. एकट्याने शिकणाऱ्याला हा मूळ उताराच शिक्षक होतो. यात आपण एकच भर घालावी. ताडून पाहताना जे वाक्य मुळाहून वेगळे आले असेल, त्याला लगेच चूक म्हणू नये. ते मुळाचे चालण्याजोगे शब्दांतर आहे की मराठी वाक्याची छाया आहे, हे कोश पाहून ठरवावे. आणि उतारा मोठ्याने वाचावा, शक्य तेथे ध्वनिमुद्रण ऐकावे, म्हणजे आपल्या पुस्तकातूनही उच्चारांची पाने गळणार नाहीत.

या आठवड्यात आपल्या वहीतील दहा शब्दजोड्या निवडा. प्रत्येक जोडीतील मराठी शब्द वापरून, आपण घरी किंवा कामावर खरोखर बोलता असे एक वाक्य लिहा. त्याचे इंग्रजी करा. आणि मग तेच इंग्रजी वाक्य, अर्थ न बिघडवता, आणखी दोन प्रकारे लिहा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वाक्याशी आपण अडखळलात, तर जो शब्द आडवा आला तो निराळ्या पानावर नोंदवा. पुढच्या आठवड्याची यादी त्या पानावरच तयार झालेली असेल.